मोटरीला पाजायचं गोडं पाणी

ये वं, इकडे ये. दारातूनच चप्पल घालून पळू नको, जरा माझ्याजवळ टेक. तू तिकडे मुंबईत समुद्राच्या काठच्या इमारतीत आणि मी इथं नागपुरात, हे मला माहीत आहे. पण कागदावर तरी बसशील की नाही थोडा वेळ? मला तुझ्यावर रागवायचं आहे, आणि फोनवर मला नीट रागावता येत नाही. तू मधेच "मामी, जेवलीस का" विचारतेस आणि माझा राग जिरून जातो.

दिवाळीत आलीस तेव्हा अंगणात, तुळशीच्या मागे भिंतीला टेकवलेली ती मोटर पाहिलीस. तिच्या डोक्यावर ओला टॉवेल वाळत घातलास. तेही चाललं असतं. पण मग म्हणालीस, "मामी, हे भंगार काहून ठेवलं अजून?" आणि गल्लीत भंगारवाल्याची हाक आली तशी खरंच त्याला थांबवायला निघालीस. मी तेव्हा नुसती "राहू दे" म्हणाले. घरात पाहुणे होते, आणि ही गोष्ट पाहुण्यांसमोर सांगण्यासारखी नाही. आमच्या घरात ती कोणी सांगतच नाही. तुझ्या आईनंही तुला कधी सांगितली नाही. आता ती गेली, तुझे दोन्ही मामा गेले, ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यातली मीच उरले. आणि त्या मोटरीवर टॉवेल वाळत घालायचा हक्क या घरात कोणाला असेल तर तो तुलाच आहे. पण तो हक्क काय आहे, ते तरी तुला माहीत पाहिजे ना?

तर ऐक.

तुझ्या आजोबांचा, म्हणजे मी ज्यांना मामाजी म्हणायची त्या माझ्या सासऱ्यांचा, कुहीकडे नदीवर घाट होता. राहायला आम्ही सगळे इथंच, याच घरात, पण धानाची शेती आणि घाट तिकडे. घाट म्हणजे लोकांना नदी ओलांडून देण्याचं काम. आता तिथं पूल झाला आणि तू गाडीच्या काचा वर करून बोलत बोलत नदी ओलांडतेस, नदी आली आणि गेली हे तुला कळतही नाही. तेव्हा लाकडी डोंगे होते, आणि ते वल्हवणारी ढिवरांची काही घरं काठालाच होती. माणसं, बकऱ्या, सायकली, वऱ्हाडं, सगळं त्यांच्या वल्ह्यांवर इकडून तिकडे जायचं.

मग इथल्या एका तलावावर सहलीसाठी ठेवलेली पत्र्याची बोट विकायला निघाली. मागे टांगायची मोटर तिच्यासकट. मामाजींनी ती घेतली. दोरीला एक हिसका दिला की फटफट आवाज सुरू व्हायचा आणि बोट पाणी कापत निघायची. गावात तिला फटफटीचा डोंगा म्हणायला लागले. पहिल्या दिवशी मामाजी काठावर उभे होते आणि ढिवरांमधला सगळ्यात म्हातारा माणूस, ज्याच्याबरोबर मामाजी लहानपणी त्याच डोहात पोहायला शिकले होते, तो बोटीकडे पाहत होता. मामाजी त्याला म्हणाले, "आता तुमचे वल्हे चुलीत घाला गा. चहा तरी होईन त्याच्यावर."

सगळे हसले. तो म्हातारासुद्धा हसला. मी नवी सून होते, डोक्यावरचा पदर सांभाळत उभी. मामाजींचं ते वाक्य मला पाठ आहे. तूही लक्षात ठेव.

मग तीन-चार वर्षं बरी गेली. फक्त उन्हाळ्यात नदी गुडघ्याएवढी व्हायची आणि बोट वाळूत पडून राहायची. माझी मोठी बहीण कोकणात दिलेली, खाडीकाठच्या एका गावात. तिचे यजमान तिथं शाळेत मास्तर. त्यांनी कळवलं की इथली तर, म्हणजे खाडी ओलांडून नेणारी होडी, बंद पडली आहे, उन्हाळ्यापुरती तुमची बोट आली तर लोकांची सोय होईल. मामाजींना हुरूप आला. मुंबईला निघालेल्या संत्र्यांच्या ट्रकवर बोट उलटी घालून बांधली, तिथून दुसऱ्या ट्रकनं कोकणात. बरोबर मामाजी, तुझे धाकटे मामा, म्हणजे माझे दीर, आणि स्वयंपाकाला मी. आमच्या घरातल्या कोणीच तोवर समुद्र पाहिला नव्हता. आत्याबाईंना, म्हणजे तुझ्या आजीला, फार यायचं होतं. पण त्यांचे गुडघे सुजलेले, ट्रकमध्ये चढणं शक्य नव्हतं. निघताना त्यांनी मला एवढंच सांगितलं, "माह्याकडून पाया पडजो वं त्याच्या."

बहिणीच्या शेजारी एक बाई राहायची. तिच्या घरचा मचवा होता, त्यालाही मागे मशीन. पहिल्या संध्याकाळी दीर बोट काठाला लावून, मोटर तशीच टांगलेली ठेवून जेवायला बसले, तर ती गडग्यापलीकडून, दोन घरांमधल्या दगडी कुंपणापलीकडून, ओरडली, "मशीन उपाशी ठेवून तुम्ही जेवायला बसलात होय?" दीर घास हातात घेऊन तिच्याकडे बघतच राहिले. मग तिनं त्यांना पानावरून उठवलं आणि सगळं करून दाखवलं.

मशीन चालताना तापतं, म्हणून ते खालून पाणी आत घेतं आणि बाहेर टाकतं. नदीचं पाणी आलं आणि गेलं, मागे काही राहत नाही. समुद्राचं पाणी जातं पण मीठ ठेवून जातं. ते मीठ ओल धरून बसतं आणि लोखंड असो की ॲल्युमिनियम, आतून खात राहतं. म्हणून रोज काम संपलं की मोटर काढायची, विहिरीचं पाणी पिंपात भरायचं, मोटरीचा पाय त्यात बुडवायचा आणि तिला चालू करून तिच्या पोटातून गोडं पाणी फिरू द्यायचं. मग वरून धुवायची, पुसायची, तेलाचा बोळा फिरवायचा. बोटीच्या तळातलं पाणी काढून तीही धुऊन टाकायची. "लेकराला आंघोळ घालता की नाही रोज? तसंच हो," ती म्हणायची.

आणखी एक वस्तू तिनं दिली. जस्ताची एक वडी, मोटरीच्या पायाला पाण्याखाली बसवायची. मी विचारलं, हिचं काय काम? तर म्हणाली, "समुद्राला काहीतरी खायला लागतंच. मशीन खाण्यापेक्षा त्यानं ही खावी. त्याच्या पानात वाढलेली समज." मला ते इतकं आवडलं. दोन महिने दीर रोज संध्याकाळी पिंप भरायचे आणि ती गडग्यापलीकडून लक्ष ठेवायची. मोटरीला काडीचाही त्रास झाला नाही. हे तुला मुद्दाम सांगते, म्हणजे तू म्हणायला नको की नागपूरची माणसं, त्यांना काय ठाऊक मीठ काय करतं. आम्हाला ठाऊक होतं. आमच्या डोळ्यांसमोर होतं.

निघायच्या दिवशी मामाजींच्या मनात आलं की इतके दिवस खाडीतच फिरलो, समुद्रात गेलोच नाही. म्हणून सकाळी ते आणि दीर खाडीच्या तोंडाबाहेर जाऊन आले. नारळ सोडला, नमस्कार केला. लाटांनी बोटीत पाणी भरलं ते तसंच घेऊन परतले, तर ट्रकवाला येऊन उभा, घाई करत होता. शेजारची बाई आली आणि म्हणाली, पाजल्याशिवाय नेऊ नका. मामाजींनी हात जोडले, "बाई, आमच्या नागपूरले गोड्या पान्याची का कमी हाये? घरी पोहोचलो का पाजतो."

त्यात खोटं काही नव्हतं. घरी नळ होता, पिंप होतं, पाजणारा दीर होता.

ट्रक या गल्लीत आला तेव्हा आत्याबाई दारातच उभ्या होत्या. घाईत सुलटीच चढवलेली बोट उतरवली. वाटेत पाणी बरंचसं सांडलं होतं, पण तळाशी ओली वाळू होती आणि पत्र्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, कोणी रांगोळीची बोटं ओढावीत तशा. आत्याबाईंनी वाकून एका रेघेवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"खारं हाये," त्या म्हणाल्या. "खरंच खारं हाये." आणि त्यांचे डोळे भरून आले.

दीर नळाला रबरी नळी लावून पिंप भरत होते. आत्याबाईंनी नळ बंद केला. "समुद्र माह्या दारात आला, अन् तू त्याले धुऊन नालीत सोडून राहिला?"

तुला मावंदं माहीत आहे की नाही कोण जाणे. काशीहून माणूस आला की तिथून आणलेली गंगा लगेच उघडत नाहीत. घरात ठेवतात, चांगला दिवस पाहतात, पूजा करतात, चार लोकांना जेवू घालतात, मग उघडतात. आत्याबाईंचं म्हणणं, समुद्राचंही मावंदं करू, मग काय धुवायचं ते धुवा. मी म्हटलं, "आत्याबाई, त्या मोटरीले गोडं पानी पाजा लागते. नाही तं मीठ आतून खाते तिले." त्यांनी माझ्याकडे अगदी मायेनं पाहिलं, लहान मुलीकडे पाहावं तसं. "जिच्या पोटात समुद्राचं मीठ गेलं, तिचं कोनी वाईट करन का वं?"

मी मामाजींकडे पाहिलं. ते त्यांच्या भरलेल्या डोळ्यांकडे पाहत होते. "राहू दे दोन-चार दिवस," ते म्हणाले.

रात्री जेवताना मी त्या जस्ताच्या वडीची गोष्ट सांगितली, समुद्राच्या पानात वाढलेली म्हणून. आत्याबाईंचा हात घासावर थांबला. सकाळी दिराकडून त्यांनी ती वडी काढून घेतली. अर्धी झिजून गेलेली, उंदरानं कुरतडल्यासारखी. समुद्रानं खाल्लेला नैवेद्य म्हणून ती देवघरात बाळकृष्णाच्या बाजूला जाऊन बसली. मला काय माहीत, माझ्या गोष्टीचं असं होईल म्हणून.

दोन-चार दिवसांत चांगला दिवस निघाला नाही आणि अधिक महिना लागला. धोंड्याच्या महिन्यात मावंदं कसं करणार? झालं, पूर्ण महिना पुढे गेला. आणि इथला उन्हाळा तुला सांगायला नको. आत्याबाईंना काळजी लागली की समुद्र वाळून जाईल. म्हणून त्यांनी काय केलं असेल? कूलरला लावायच्या वाळ्याच्या ताट्या होत्या आमच्याकडे, त्यातली एक काढून मोटरीवर घातली आणि सकाळ-संध्याकाळ तिच्यावर पाण्याचे हबके मारायला लागल्या. बोटीच्या तळाला ओली पोती. आम्ही घरात उकडून निघत होतो आणि अंगणात मोटर वाळ्याच्या वासात गारेगार. तुझे मोठे मामा, म्हणजे आमचे हे, एकदा ऑफिसातून घामानं भिजून आले आणि म्हणाले, "आई, आमच्या कूलरची ताटी काढून तिले लावली. आमी का उन्हातून नाही आलो?"

"तू हपिसातून आला," आत्याबाई म्हणाल्या. "ती समुद्रातून आली."

हसू नको. म्हणजे हस, आम्हीही हसलो. गल्लीतल्या बाया दर्शनाला यायच्या. आत्याबाई प्रत्येकीच्या हातावर पत्र्यावरचं खरडलेलं चिमूटभर मीठ ठेवायच्या. मोटरीला हळदकुंकू लागायचं. तिच्या झाकणावर हळदीचा एवढा थर बसला की रंग ओळखू येईना. मीठ वाळू द्यायचं नाही, ओलं ठेवायचं, झाकून ठेवायचं. त्या कोकणातल्या बाईनं जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते सगळं आम्ही भक्तिभावानं केलं.

त्याच महिन्यात तुझे बाबा धोंड्याचे अनारसे खायला आले. तू तेव्हा तुझ्या आईच्या पोटात होतीस. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरीच व्हायचं, आणि तुझ्या आईचं सासर नदीच्या पलीकडे. तुझे बाबा शांत माणूस. अनारसा बाजूला ठेवून म्हणाले, "मामाजी, आता रस्ता कोरडा हाये. मी गाडीबैलानं वरच्या पुलावरून फिरून आनून सोडतो तिले. पावसात तो रस्ता राहात नाही."

मामाजींनी त्यांच्या पानात आणखी दोन अनारसे वाढले. "जावईबापू, माह्या पोरीले गाडीचे हादरे काहून देता? मावंदं झालं का मी स्वतः फटफटीच्या डोंग्यातून घेऊन येतो. हातातल्या कपातला चहा हिंदकळनार नाही."

"अन् नदी भरली तं?"

"नदी भरते म्हनून तं डोंगा असते नं."

सगळे हसले, जावयांनाही हसावं लागलं. मी दाराआड उभी होते. अंगणात आत्याबाईंचे पाण्याचे हबके चालू होते, ते ऐकू येत होते. रात्री मी तुझ्या मामांना म्हटलं, जावईबापू म्हणतात ते करा. ते म्हणाले, "बाबांनी शब्द दिला, आता मी मधात बोलू?"

मावंद्याचा दिवस निघाला तोवर पाऊस चांगला लागला होता. बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घाटावर नेली. मामाजींनी सगळ्या गावाला जेवण सांगितलं होतं. डफडं वाजत होतं, आत्याबाई पूजेचं ताट घेऊन काठावर पाटावर बसलेल्या. नदी तांबडी झाली होती, पलीकडचा काठ लांब गेला होता. तिकडे छत्र्या दिसत होत्या आणि छत्र्यांखाली तुझ्या आईचं पिवळं लुगडं. पूजा करायची, बोट पाण्यात सोडायची, आणि पहिल्याच फेरीत लेकीला घेऊन यायचं, असं ठरलं होतं.

पूजा झाली. नारळ फुटला, त्याचं पाणी मोटरीवर शिंपडलं. दिरांनी दोरी ओढली.

दोरी आलीच नाही. मोटर सुरू होत नाही ही वेगळी गोष्ट, तिला दहा उपाय असतात. इथं दोरीच जागची हलेना. त्यांनी पाय रोवून जोर लावला, हात सुटला आणि ते चिखलात बसले. लोक हसले. मामाजीही हसले, "अबे, देवाचं नाव घे." दिरांनी पुन्हा जोर लावला. मग ते स्क्रू खोलायला लागले, तर एकाचं डोकंच तुटून हातात आलं. कसंतरी झाकण निघालं. आत पांढरा भुगा, तुरटी कुटून भरल्यासारखा. पाण्याच्या वाटा सगळ्या बुजलेल्या, आतले भाग एकमेकांना चिकटून एक झालेले. दिरांनी बोटानं तो भुगा उचलला, आणि माझ्याकडे पाहिलं. बाकी कोणाकडे नाही, माझ्याकडे. कारण आम्ही दोघंच ते पिंप रोज पाहायचो. मी मान दुसरीकडे वळवली. तिकडे आत्याबाई ताट धरून बसल्या होत्या.

कुहीहून पंप दुरुस्त करणारा एक जण आणला. त्यानं इकडून तिकडून ठोकून पाहिलं आणि म्हणाला, हे आतून दगड झालं. तोवर बोट काठालाच होती आणि तिच्या रिव्हेटांपाशी पाणी आत झिरपायला लागलं होतं. तीही गेली होती. डफडं कधी थांबलं ते कळलं नाही.

नदी वाढत होती. सकाळी जो दगड पाण्याबाहेर होता तो दिसेनासा झाला. वरच्या पुलाकडचा रस्ता चिखलात गेला होता, तुझे बाबा म्हणाले होते तसाच. पलीकडून कोणी हाका मारत होतं, पण पाण्याच्या आवाजात शब्द पोहोचत नव्हते. आणि मग आम्ही सगळ्यांनी पाहिलं, ते पिवळं लुगडं खाली बसलं. एक हात मागे टेकून, दिवस भरत आलेली बाई बसते तशी. दमली म्हणून बसली की कळा सुरू झाल्या, इकडून काय समजणार? मामाजींच्या हातात टोपी होती. ती कधी काढली, त्यांनाही माहीत नसावं.

ढिवरांची माणसं कडुलिंबाखाली बसून सगळं पाहत होती. ती हसली नव्हती. त्यांचे डोंगे काठावर पालथे पडलेले. मामाजी त्यांच्याकडे चालत गेले. फार लांब नव्हतं ते झाड. पण मी त्यांना पाठीमागून पाहत होते, आणि मला वाटलं की आता पाहू नये, आणि पाहिल्याशिवाय राहवेना. सगळा गाव पाहत होता. आम्हीच जेवायला बोलावलेला गाव.

"डोंगा काढतं का गा?" मामाजींनी विचारलं.

तो म्हातारा उठून उभा राहिला. बिडी विझवली, कानावर ठेवली. "काढतो नं मालक. पन वल्हे तं चुलीत गेले. तुमीच सांगतलं होतं."

या वेळी कोणी हसलं नाही. मामाजी तिथून हलले नाहीत, नुसते पायाकडे बघत उभे. ते किती वेळ उभे होते, मला अजून वाटतं ते उभेच आहेत.

शेवटी म्हाताऱ्याची बायको झोपडीच्या दारातून नवऱ्यावर ओरडली, "काहून छळता त्याले? पोरगी बसली हाये तिकडं." आणि तिनं स्वतःच छपराखालून वल्ही ओढून काढली. ती जाळली नव्हती, कधीच नव्हती. जवसाचं तेल लावून, कापड गुंडाळून ठेवलेली होती. इतक्या वर्षांत कोणी त्यांना नीट काम दिलं नव्हतं, तरी लाकूड कसं गुळगुळीत, काळं, चमकत होतं. मला आमची ताटी आठवली, ओली पोती आठवली, आणि जमिनीत जावंसं वाटलं.

वल्ही खांद्यावर घेऊन म्हातारा पाण्याकडे निघाला आणि आत्याबाईंपाशी थांबला. ताटाकडे पाहून म्हणाला, "बाई, मोटरीले लावलं, याले नाही लावत का?"

टोमणा होता की खरंच विचारत होता, मला आजवर ठरवता आलं नाही. आत्याबाईंनी त्या म्हाताऱ्याच्या बायकोच्या हातचं पाणी कधी घेतलं नव्हतं, हेही तुला सांगायला हवं. तिला अंगणापलीकडेच उभी ठेवायच्या. त्या पाटावरून उठल्या. उठताना ताटातलं कुंकू अर्धं चिखलात सांडलं. एका वल्ह्याला लावलं, दुसऱ्याला लावलं. मग ते सुजलेले गुडघे टेकून त्या वल्ह्याच्या पाया पडल्या. उठता येईना. मी एका बाजूनं धरलं, दुसऱ्या बाजूनं म्हाताऱ्याच्या बायकोनं धरलं. आणि आत्याबाईंनी तिचा हात सोडला नाही, डोंगा परत येईस्तोवर.

तुझी आई आली. नुसती दमली होती, कळा नव्हत्या. पाण्याच्या उडालेल्या तुषारांनी भिजलेली, हसत हसत उतरली आणि म्हणाली, "बाबा, फटफटी कोठी गेली?" तिला काय माहीत. मामाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला घेऊन इथं आलो, आणि पुढच्या आठवड्यात रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात तू झालीस. जन्मतानाही गळा मोठा.

त्या दिवशीचं जेवण झालं, गाव जेवला. ढिवरांच्या घरांतून कोणी आलं नाही. मामाजी स्वतः बोलवायला गेले, तर "जेवलो आमी" म्हणाले. रागानं नाही, अगदी साधेपणानं. परत येऊन मामाजींनी पानावर बसायचं टाळलं, वाढतच राहिले.

त्यानंतर घाट त्यांनी सोडला. शेतावर जायचे, पण नदीकडे तोंड करून बसायचे नाहीत. बोटीचा पत्रा विकला. मोटरही विकायला काढली, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, ती माह्या अंगनात राहीन. ती ही, तुळशीच्या मागे. आणि रोज संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावला की त्या नळाचं एक तांब्या पाणी आणून मोटरीवर ओतायच्या. हळदीचा थर हळूहळू धुऊन गेला. मी एकदा म्हटलं, आत्याबाई, आता काय उपयोग? त्या म्हणाल्या, "त्या बाईनं सांगतलं होतं नं, रोज पाजा म्हनून." एवढंच. पुन्हा मी विचारलं नाही.

माझी बहीण पत्रातून विचारायची, शेजारीण विचारते, मशीन कसं आहे. मी लिहायची, बरं आहे. बहिणीकडे नंतर अनेकदा जाण्याचे योग आले, पण मी गेले नाही. बहिणीला वाटलं, मला प्रवास सोसत नाही. मला तो गडगा सोसला नसता. आम्ही अडाणी होतो असं त्या बाईला सांगता आलं असतं तर मी गेलेही असते.

आता ते एक तांब्या पाणी मी ओतते. आत्याबाईंनी सांगितलं नव्हतं, त्या गेल्या त्या संध्याकाळी हात आपोआप तांब्याकडे गेला. जस्ताची वडी अजून देवघरात आहे, तू दिवाळीत पूजा करताना उचलून पाहिलीस आणि विचारलंस हा कोणता देव. मी म्हटलं, आहे एक.

दिवाळीत तू तिकडच्या समुद्रावरून आणलेले ते शंख-शिंपले मी नळाखाली चांगले धुऊन, पुसून, कपाटात ठेवले आहेत. रुसू नको, मला त्यांची भीती वाटत नाही, पण धुतल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझे गुडघे आता आत्याबाईंसारखे झाले आहेत. अंगणाची ती एक पायरी उतरताना भिंत धरावी लागते, आणि एका हातात तांब्या असतो. म्हणून म्हणते, लवकर ये. सुट्टी बघत बसू नको, दोन दिवसांसाठी ये. येताना काही आणू नको. संध्याकाळच्या गाडीनं आलीस तर दिवा लावायच्या वेळेला पोहोचशील. मी दिवा लावते, तू पाणी ओत. टॉवेल वाळत घातलास तरी चालेल. येशील ना वं?